भरतीचं गणित आणि एकवीस किलोमीटर

वाशी ते सीबीडी बेलापूर हा पाम बीच मार्ग साधारण दहा किलोमीटरचा. एका टोकाकडून निघायचं, दुसऱ्या टोकाला वळसा घालून परत यायचं, की वीस होतात. अर्धमॅरेथॉन असते २१.०९७५ किलोमीटरची. वरचा एक किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर आयोजक जवळपासच्या एखाद्या सेक्टरात धावपटूंना फिरवून आणून भरून काढतात. हा रस्ता आखणाऱ्यांच्या मनात धावणारी माणसं खात्रीनं नव्हती. तरी माप असं बेतून शिवल्यासारखं बसलं आहे की दर हिवाळ्यात कुणी ना कुणी इथं ‘हाफ’ भरवतंच. स्पर्धा नसेल त्या रविवारीही पहाटे पाचपासून चमकत्या जॅकेटातली, कपाळावर दिवा बांधलेली मंडळी ‘लाँग रन’ला बाहेर पडलेली असतात.

नावात बीच असला तरी वाळूचा कण इथं नाही, हे नवी मुंबईकराला सांगायला नको. आहे ती खाडी. वाशीहून निघालं की उजव्या हाताला तिवरांची दाट हिरवी भिंत आणि तिच्यापलीकडे पाणी. डावीकडे इमारती आणि बेलापूर जवळ येईल तसा त्यांच्या मागून डोकावणारा पारसिकचा डोंगर. गाडीतून जाणाऱ्याला यातलं फारसं काही दिसत नाही. त्याच्या वाट्याला दुभाजकातली पामची झाडं येतात आणि पुढच्या सिग्नलचा लाल दिवा. सात मिनिटांना एक किलोमीटर या बेताच्या वेगानं जाणाऱ्याला मात्र तिवरांमधली फट दिसते, फटीतला चिखल दिसतो, चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसतात आणि वासावरून ओहोटी आहे की भरती हेही कळतं.

रस्ता इतका सपाट का, याचं उत्तर पायाखालच्या जमिनीत आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. शहराचा बराच भाग खाजणात आणि मिठागरांत भराव घालून उभा राहिला. त्यातले काही नोड मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहेत. मग पावसाळ्यात भरती असताना शहराचं पाणी जायचं कुठं? त्यासाठी डच धर्तीवर ‘होल्डिंग पाँड’ खणले गेले. भरतीत खाडीकडची दारं बंद राहतात, पावसाचं पाणी तळ्यात साठतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. कोकणात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तिचाच हा मोठा अवतार. नेरुळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हे अशाच एका तळ्याभोवतीचं उद्यान. स्पर्धेच्या सकाळी तिथं वॉर्म-अप करणाऱ्या शंभरांपैकी दहा जणांना तरी हे ठाऊक असेल का, शंका आहे.

सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता, हा नवख्यांचा समज. चढ-उतार असला की पायांचे वेगवेगळे स्नायू आळीपाळीनं काम करतात. इथं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच स्नायू, तोच आघात. शिवाय रस्ता सरळ. पुढचा वळसा नजरेत येतो, पण जवळ येत नाही. सातारच्या डोंगरात यवतेश्वरच्या चढानं रडवलेली माणसं इथं येऊन ‘त्यापेक्षा घाट बरा’ म्हणतात, त्यात निम्मा विनोद असतो आणि निम्मं खरं असतं.

खरी परीक्षा हवेची. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. हिवाळ्यातल्या पहाटे इथं मतलई असतो, जमिनीकडून खाडीकडे जाणारा, अंगाला गार लागणारा. दुपारकडे खारा सुटतो. मधल्या काही तासांत वारा पडतो, आणि अर्धमॅरेथॉनचे शेवटचे सहा-सात किलोमीटर बहुतेकांच्या वाट्याला नेमके त्या वेळी येतात. डोंगराआडून सूर्य वर आलेला, हवेत खाडीचा दमटपणा, घाम गळतो पण सुकत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होतं. तो नुसता निथळला की नाडी चढत जाते आणि वेग तोच ठेवायचा तर दम दुप्पट लागतो. पंधराव्या किलोमीटरला मोजे ओले, बुटात पचपच आवाज, टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. पाण्याच्या टेबलापुढे चुरगळलेल्या कागदी पेल्यांचा खच पडलेला असतो, त्यावरून पाय सरकतो. जाणती माणसं तिथं अर्धा पेला पितात आणि अर्धा डोक्यावर ओततात. पिण्यासाठी ओआरएसचं पाणी असेल तर ते डोक्यावर घेऊ नये. पुढचे पाच किलोमीटर केस चिकट राहतात आणि माश्या सोबत करतात.

आता थोडं पक्ष्यांबद्दल, कारण बाहेरगावचे धावपटू त्यांच्या आशेनं नाव नोंदवतात. महापालिकेनं चौकाचौकांत फ्लेमिंगोंचे पुतळे उभारलेत, पण खरे रोहित पुतळ्यासारखे ठरल्या जागी उभे राहत नाहीत. ठाणे खाडीतलं त्यांचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात ते येतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत थांबतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात पांगतात, रस्त्यावरून गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. भरतीनं चिखल बुडाला की ते आत सरकतात: टी. एस. चाणक्यजवळच्या पाणथळीत, सीवूड्सच्या डीपीएस शाळेमागच्या तळ्यात. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी पक्षी जवळून दिसणार की नाही, हे भरतीवर ठरतं.

त्याचं गणित कोळ्यांना पंचांगावरून येतं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल ती भरतीची साधारण वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा. उत्तर सव्वा अकरा. त्या दिवशी पहाटे धावताना ओहोटीच असणार, पक्षी लांब. अष्टमीला सहाची भरती, पण ती भांगाची, पाणी कमी चढतं, थोडा चिखल उघडाच राहतो. एकादशी घेतली तर उत्तर येतं सव्वा आठ, आणि खाडीच्या आत थोडं उशिरा. तेव्हा पाणी चढत असताना थवे डोक्यावरून आत यायची शक्यता चांगली. पावणेदोन तासांत धाव संपवणारे तोवर मेडल गळ्यात घालून फोटो काढत असतात. पक्षी दिसतात ते अडीच-तीन तासवाल्यांना. हळू धावण्याचा याहून चांगला मोबदला मला तरी माहीत नाही. एकादशीचा उपास असणाऱ्यांचीही अडचण होत नाही. टेबलावर केळी, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्कीच असते.

वेगाचंच म्हणाल, तर बीडच्या अविनाश साबळेनं २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पुरी केली होती, ६१ मिनिटांच्या आत ती धावणारा तो पहिला भारतीय. त्या गतीनं वाशीहून निघालेला माणूस अर्ध्या तासाच्या आत बेलापूरला पोहोचतो. रोजच्या वाहतुकीत हे प्रत्येक गाडीला जमेलच असं नाही.

डीपीएस तळ्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं रोहित मेले. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्यामुळे तळं कोरडं पडत असल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी लावून धरली. २०२५ मध्ये राज्य सरकारनं ते संवर्धन राखीव क्षेत्र करायचं ठरवलं. पक्ष्याचं चित्र टी-शर्टवर, मेडलवर आणि पोस्टरवर छापणाऱ्या स्पर्धांनी नोंदणीच्या पानावर या तळ्याबद्दल दोन ओळी तरी लिहायला हरकत नसावी. अजून कुठं वाचल्याचं आठवत नाही.

चाणक्य हे नावही धावपटूंच्या तोंडी फक्त सिग्नल म्हणून उरलं आहे. मूळ ती व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था. १९२७ मध्ये ‘डफरीन’ या जहाजावर हे शिक्षण सुरू झालं, मग ‘राजेंद्र’ जहाजावर गेलं आणि १९९३ मध्ये करावे इथं जमिनीवर आलं. पण ‘टीएस’ म्हणजे ट्रेनिंग शिप हे बिरुद तसंच राहिलं.

करावे, दारावे, सारसोळे ही आगरी-कोळ्यांची गावं सेक्टरांच्या क्रमांकांत बुडून गेलेली. सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये आंदोलन झालं, त्यात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं. सारसोळेच्या जेट्टीवर आजही होड्या लागतात. पहाटे जाळं घेऊन निघालेला माणूस आणि बिब लावून निघालेला माणूस एकाच रस्त्यावर भेटतात. जाळंवाल्याची नजर खाडीच्या पाण्यावर, बिबवाल्याची मनगटातल्या घड्याळावर. गावातल्या पोरांना मात्र स्पर्धा आवडते. वळशाच्या आधी थकून चालायला लागलेल्या माणसाला ‘ए काका, पळा, पळा’ असं ओरडून ती जितकं पळवतात, तितकं डीजेवरचं गाणं पळवत नाही.

बेलापूरकडच्या टोकाला महापालिकेचं घुमटाचं मुख्यालय आणि त्यासमोरचा उंच ध्वजस्तंभ. तिथला झेंडा हे धावपटूंचं हवामानखातं. पहाटे फडकत असतो, परतीच्या गर्दीच्या वेळी बहुधा काठीला चिकटलेला दिसतो, आणि तो तसा दिसला की अनुभवी माणूस वेग मुकाट कमी करतो. या चौकाला ‘किल्ला’ म्हणतात, पण किल्ला कुठं आहे विचाराल तर निम्मे लोक गोंधळतात. जवळच बेलापूरच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे इथून खाडीवर लक्ष ठेवून गेले.

रस्त्याची एक बाजू वाईट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पाम बीच मार्ग भरधाव गाड्यांसाठी आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. स्पर्धेच्या दिवशी एक बाजू वाहनांना बंद असते, म्हणून सगळं गोड. एरवी अंधारात सराव करायचा तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कडेनं, कानात गाणी न लावता धावावं. उजाडेपर्यंत ‘ज्वेल’मधल्या तळ्याभोवती फेऱ्या मारल्या तरी किलोमीटर तितकेच भरतात.

अटल सेतूशी तुलना आता अटळ झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलावर पुढच्याच महिन्यात मॅरेथॉन झाली. तिथं दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, पण कठड्यापलीकडचं, खूप खालचं. आणि एरवी त्यावर पायी जायला बंदी. पाम बीच दर रविवारी मोकळा आहे, फुकट आहे, आणि खाडी हात लांबवला तर चिखल लागेल इतकी जवळ आहे. माझं मत पाम बीचला.

येण्यासाठी हार्बर मार्ग सोयीचा. सुरुवात कुठं आहे ते पाहून वाशी, सानपाडा, नेरुळ, सीवूड्स-दारावे किंवा बेलापूरला उतरावं. परतीला ओला टी-शर्ट बदलून घ्या, लोकलमधल्या शेजाऱ्यांवर तेवढी दया करा. धाव बेलापूरकडे संपत असेल आणि पायांत जीव उरला असेल, तर दिवाळे गावचा मासळी बाजार जवळ आहे. ताजी कोळंबी, खाडीतली चिंबोरी, नशीब असेल तर निवटे. गळ्यात मेडल असलं तरी मावशी भाव कमी करत नाहीत. उलट एकवीस किलोमीटर पळून आलेल्या माणसाला भूक किती लागली असेल, हे त्यांनी बरोबर ताडलेलं असतं.