काचेच्या पेटीतला शेजार

मागच्या पावसाळ्यात आमच्या चाळीतील एका धम्मबांधवांनी मुलीच्या वाढदिवसाला दोन फुटी काचेची पेटी आणली. रिक्षा चालवून संसार करणारा माणूस. चार महिने पैसे बाजूला टाकले होते. दुकानात मुलीने रंग पाहून बोट दाखवायचे आणि बापाने होय म्हणायचे, असे करीत बारा मासे घरी आले. दोन गोल्डफिश, चार निऑन टेट्रा, दोन एंजल, एक फायटर, दोन टायगर बार्ब आणि 'हा काच साफ ठेवतो' म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला एक सकर. सगळी चाळ पाहायला लोटली. पंधरा दिवसांनी पेटीत तीनच मासे उरले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा मुलगी पेटीकडे पाठ करून बसली होती. आम्हाला म्हणाली, "काका, हे एकमेकांशी का भांडले? माशांतही जाती असतात का?"

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे आम्ही शेवटी येऊ. आधी पहिल्या भागाचे उत्तर देणे जरूर आहे, कारण आपल्या पुष्कळ घरांत ही हौस आता येऊ लागली आहे आणि चूक बहुधा एकच होते. मासे रंगावरून निवडले जातात, स्वभावावरून नव्हे.

कोणाचे कोणाशी पटत नाही?

गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. तो वीतभर वाढतो, भरपूर खातो आणि घाणही तेवढीच करतो. दोन फुटी पेटी त्याला पुरत नाही. निऑन टेट्रा दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. त्याला मऊ पाणी लागते, निदान सहा-आठ सोबती लागतात आणि नव्या पेटीत बहुधा तोच आधी दगावतो. एंजल दुकानात रुपयाएवढा दिसतो. पुढे तळहाताएवढा होतो आणि तोंडात मावेल तो निऑन गिळून टाकतो.

टायगर बार्बला दुसऱ्याचे लांब पर कुरतडण्याची खोड आहे आणि दोघे-तिघेच ठेवले तर ही खोड वाढते. फायटर मूळचा थायलंडकडचा. दोन नर एकत्र आले की झुंज ठरलेली. त्याला एकटाच ठेवावा, पण बरणीत कोंडू नये. पंधरा-वीस लिटर पाणी तरी द्यावे. सकर फूटभराहून मोठा होतो. मोठा झाला म्हणून त्याला तलावात किंवा नदीत सोडू नका. तो तेथे तगला तर देशी माशांच्या मुळावर येतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांना तर लहान शेजारी म्हणजे खाऊच.

म्हणजे त्या पेटीत थंड पाण्याचा, गरम पाण्याचा, गिळणारा, कुरतडणारा आणि झुंजणारा असे सगळे एकाच वेळी कोंडले होते. भांडण होणारच होते.

मग कोणते घ्यावे?

मासा घेताना तीन प्रश्न विचारावेत : याला पाणी कसे लागते? पूर्ण वाढल्यावर हा केवढा होतो? याचा स्वभाव कसा आहे? दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर तो मासा घेऊ नये.

नवशिक्यांसाठी आम्ही झेब्रा डॅनिओ सुचवू. आपल्याच भारतीय उपखंडातला काटक मासा, दीड इंचाचा, अंगावर निळे पट्टे. तो घोळक्यात राहतो, म्हणून सहा घ्यावेत. ते वरच्या पाण्यात पळत राहतात. त्यांच्या जोडीला तीन प्लॅटी घ्यावेत, एक नर आणि दोन माद्या. प्लॅटी अंडी घालत नाही, पिले देते, तीही साधारण महिन्याला. मोठे मासेच पिले खातात. ती वाचवायची तर दाट पाणवनस्पती लावावी आणि वाढावा नको असेल तर नुसते नर ठेवावेत. प्लॅटीऐवजी रंगीत गप्पीही चालतील. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याचे लोक पाण्यात सोडतात त्यांचेच हे भाऊबंद. तळाला कोरीडोरस चार ठेवावेत. त्यांच्या मिशा नाजूक असतात, म्हणून वाळू गुळगुळीत असावी. एवढ्यावर थांबावे.

थांबावे का? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरते. माशांपासून पाण्यात अमोनिया हे विष सुटते. स्पंजमध्ये आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य असे नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्या खेपेस फक्त झेब्रा आणा. महिना-दीड महिन्याने प्लॅटी आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी कोरीडोरस.

नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा. स्पंज नळाखाली धुऊ नये, जिवाणू मरतात. काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा. दोन मिनिटांत संपेल एवढाच खाऊ टाकावा. भरलेल्या पेटीचे वजन ६० किलोंवर जाते, तेव्हा टेबल भक्कम हवे. नागपूरकडच्या वाचकांनी थंडीत हीटर लावावा.

आता शीलाविषयी

कोणी म्हणेल, आपण मासे खातो, मग पेटीतल्या माशांची एवढी काळजी कशाला? ताटातल्या माशाचा निर्णय ज्याने त्याने आपल्या विवेकाने करावा. पण आपण मुलांच्या हाती एक जीव सांभाळायला देतो, तेव्हा पहिले शील त्या पेटीपाशी येऊन उभे राहते. आमच्या त्या धम्मबांधवांचा मारण्याचा हेतू नव्हता, हे खरे. पण कळल्यावरही तेच केले, तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही.

आणि मुलीचा दुसरा प्रश्न. घोटाळा आपल्या भाषेचा आहे. दुकानदारही 'कोणत्या जातीचा मासा हवा?' असेच विचारतो. आम्ही तिला सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त सांगितले. माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने, असा दोन तरुणांचा वाद घेऊन ते भगवान बुद्धांकडे आले. बुद्धांनी गवत, किडे, साप, पक्षी आणि पाण्यातले मासेसुद्धा दाखवून सांगितले, की यांच्यात जातीच्या निरनिराळ्या खुणा निसर्गतः दिसतात. माणसात केसांपासून पायापर्यंत अशी एकही खूण नाही. फायटर आणि प्लॅटी यांना मिळून पिले होत नाहीत. जगातल्या सगळ्या माणसांची मात्र जात एकच.

"म्हणजे फायटरला वेगळे ठेवायचे, पण माणसाला नाही," ती म्हणाली. आम्हाला याहून नेमके सांगता आले नसते.

दोन बार्ब आणि तो सकर मोठी टाकी असलेल्या एका गृहस्थांनी नेले. मुलीच्या पेटीत आज सहा झेब्रा आणि तीन प्लॅटी आहेत. पाणी बदलण्याचा वार तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.