सात फटींचा चेहरा

जुनी महिंद्रा जीप समोरून ओळखायला नाव वाचावं लागत नाही. दोन गोल दिवे आणि त्यांच्या मधोमध उभ्या सात फटी. लहान पोराला जीपचं चित्र काढायला सांगा. आरसे विसरेल, नंबरप्लेट विसरेल, दिवे आणि फटी मात्र काढेलच. आंब्याच्या हंगामात रत्नागिरीच्या आसपासच्या बागांतून पेट्या घेऊन निघालेल्या, पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर चढलेल्या या गाड्या अजून दिसतात. हल्ली त्यांतल्या काहींच्या तोंडावर वेगळीच जाळी असते. कुणी षटकोनी भोकांची लावतो, कुणी आडव्या गजांची, कुणी दिव्यांवर रागीट भुवया उतरवणारी. जुने शौकीन हे बघून हळहळतात. जीपचा मूळ चेहरा गेला, म्हणतात.

पण हा मूळ चेहरा आला कुठून, ते पाहिलं की चकित व्हायला होतं. जीपची ही ओळख जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीची नव्हतीच.

1940 साली अमेरिकी सैन्याला चारही चाकांना जोर मिळणारी हलकी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिली करून दाखवली, मागोमाग विलीज आणि फोर्डने आपापले नमुने पुढे केले. मोठं काम विलीजला मिळालं. त्यांच्या सुरुवातीच्या पंचवीसेक हजार जीपच्या तोंडावर लोखंडी पट्ट्या एकेक करून जोडलेल्या होत्या, आपल्या खिडकीच्या गजांची करतात तशीच वेल्डिंगची जाळी. युद्धाची गरज एका कारखान्याने भागेना, म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डलाही जीप बनवायला सांगितलं. फोर्डच्या लोकांनी वेल्डिंगचा खटाटोप सोडला. एकच पत्रा घेतला, प्रेसखाली घातला आणि नऊ फटी पाडून मोकळे झाले. वजन कमी, खर्च कमी, वेळ कमी. 1942 मध्ये विलीजनेही तीच जाळी उचलली. ज्या चेहऱ्याला आपण परंपरा म्हणतो, तो प्रतिस्पर्ध्याने काटकसरीपोटी शोधलेला पत्र्याचा तुकडा आहे.

फटी तेव्हा नऊ होत्या. आतल्या बाजूला बसवलेले छोटे दिवे बिजागरीवर होते. खिट्टी सोडली की दिवा मागे उलटायचा आणि उजेड थेट इंजिनावर पडायचा, म्हणजे रात्री दुरुस्ती करणाऱ्याला हातात बॅटरी नको. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या अनाम अभियंत्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. युद्ध संपलं, 1945 मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-2ए नावाची जीप आली, तिला मोठे दिवे मिळाले आणि फटी सात झाल्या. सात फटी म्हणजे पृथ्वीवरचे सात खंड, असं हौसेने सांगितलं जातं. गोष्ट गोड आहे, पण नऊ फटींच्या जीपने युद्ध लढलं, तेव्हाही खंड सातच होते.

इकडे भारतात 1945 साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली. कोकणाच्या लाल मातीत सर्वांत जास्त रुळलेली सीजे-3बी ही मूळची 1953 सालची. तिच्यातल्या नव्या इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला होते. म्हणून इंजिन उंच, इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच, आणि बॉनेट उंच म्हणून चेहरा लांबट. महिंद्राने ती घडण पुढे अनेक दशकं चालू ठेवली.

मग या चेहऱ्यावरून खटला झाला. आपल्याच 2010 च्या थार या गाडीवर बेतलेली रॉक्सर नावाची गाडी महिंद्राने 2018 मध्ये अमेरिकेत विकायला काढली. सुटे भाग भारतातून जायचे आणि जोडणी मिशिगन राज्यातल्या ऑबर्न हिल्स गावात व्हायची. जीपची मालकी तोवर फिरत फिरत ज्यांच्याकडे आली होती, त्या फियाट क्रायस्लरचं अमेरिकेतलं मुख्यालयही त्याच गावात! त्यांनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जीपचं रूप म्हणून जे कागदावर मांडलं, त्यात एक कलम जाळीचं होतं: सपाट दिसणारी जाळी, तिच्यात उभ्या लांबट फटी, बाह्यरेषा समलंब चौकोनाची, आणि ती रेषा वरच्या भागातल्या गोल दिव्यांभोवती वळलेली. पत्र्यातल्या भोकांचं इतकं काटेकोर वर्णन भूमितीच्या पुस्तकातही सापडायचं नाही. जून 2020 मध्ये आयोगाचा निकाल महिंद्राच्या विरोधात गेला. दरम्यान महिंद्राने रॉक्सरचं तोंड बदललं होतं, उभ्या फटी जाऊन आडवं रुंद तोंड आलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये आयोगानेच सांगितलं की हे नवं रूप जीपच्या हक्कांचा भंग करत नाही. नव्या तोंडाची गाडी बघून पुष्कळांना जुनी टोयोटा आठवली, हा भाग वेगळा. मला यातलं आश्चर्य असं वाटतं, की आत तेच इंजिन आणि तेच चौकटीचं हाड असताना, लोकांच्या आणि आयोगाच्या नजरेत गाडी वेगळी ठरायला चेहऱ्याचा एवढा हातभार लागतो.

अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे. जुनी गाडी किंवा छोटा ट्रक घ्यायचा, कापायचा, खाली बसवायचा, दणकट इंजिन घालायचं. अशा गाडीला 1932 च्या फोर्डची उभी जाळी लावणं हा त्यांच्यातला रूढ मार्ग. पण काहींनी 1950 च्या सुमाराच्या डिसोटो गाडीच्या जाड क्रोमच्या दातांची जाळी काढून भलत्याच गाडीला बसवली, आणि आज तीही एक परंपरा मानली जाते. म्हणजे चाकोरीबाहेरची जाळी निवडणं हे परंपरेच्या आतलंच काम आहे. प्रश्न उरतो तो निवडायची कशी.

इथे पहिला मान वाऱ्याचा. जाळीमागे रेडिएटर असतो. डिझेल किंवा पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक धुराड्यातून निघून जातो आणि उरलेला रेडिएटरच्या पाण्यामार्फत हवेत सोडावा लागतो. गाडी पळते तेव्हा वारा स्वतःहून जाळीत घुसतो, आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. रत्नागिरीजवळच्या हातखंब्याहून सपाटीला ताशी 60 किलोमीटरने निघालेल्या जीपला जेवढा दाब मिळतो, त्याचा फक्त नववा हिस्सा आंबा घाटात 20 च्या वेगाने चढताना मिळतो. आणि उष्णता सर्वांत जास्त तयार होते ती नेमकी घाटात!

मग जुन्या जीप घाट चढतात कशा? पंख्याच्या जोरावर. या गाड्यांचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन भराभर फिरतं, म्हणून पंखाही भराभर फिरतो आणि हवा ओढून घेतो. जुने ड्रायव्हर घाटाआधीचं साखरपा गाव सोडल्यावर वेळीच गिअर खाली आणतात, त्यामागे चढाचा जोर असतोच, शिवाय हेही असतं. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं तर इंजिनावर भार तेवढाच आणि पंखा मात्र मंद, मग काटा वर सरकतो. गाडी उभी असताना, पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात दूर ठेवून, इंजिन चालू करा आणि जाळीच्या बाहेरून वहीचा एक कागद पुढे धरा. पंख्याची ओढ नीट असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो. नवी जाळी लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा एवढं केलं, तर हवेची वाट अडली की नाही याचा अंदाज घरबसल्या येतो.

जाळी किती उघडी आहे, हे डोळ्याला कळत नाही. मला स्वतःला हिशेब करेपर्यंत पटलं नव्हतं. 10 मिलिमीटर रुंदीचे जाड गज मधे 25 मिलिमीटर मोकळी जागा सोडून उभे लावले, तर तोंडाचा 71 टक्के भाग मोकळा राहतो. आता 2 मिलिमीटरच्या नाजूक तारेची, 6 मिलिमीटर भोकांची चौकोनी जाळी घ्या. दिसायला ती हवेशीर वाटते, पण तार उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून जात असल्याने मोकळा भाग उरतो 56 टक्के. त्यातून बारीक भोकांच्या कडांवर हवा जास्त घासते, आणि भोकांत सुकलेलं गवत, पानं, किडे अडकतात ते वेगळं. आंब्याच्या बागेतून मोहोराच्या दिवसांत हिंडणाऱ्या गाडीला बारीक जाळी लावायची असेल, तर दर आठवड्याला ब्रश मारायची तयारी हवी. जाळीचं काम रोवळीसारखं आहे: नको ते बाहेर अडवायचं आणि हवं ते वाहू द्यायचं. गज उभे की आडवे, याने वाऱ्याला काही फरक पडत नाही. मोकळी जागा आणि रेडिएटरभोवतीच्या सांदी बुजवलेल्या असणं, याला महत्त्व. सांद राहिली की हवा रेडिएटरच्या पंखडीतून जाण्याचे कष्ट न घेता बाजूने निसटते, आणि उभ्या गाडीत गरम झालेली हवाच वळसा घालून पुन्हा पुढे येते.

दुसरा मान उजेडाचा. रागीट भुवयांच्या जाळीला माझा विरोध आहे, आणि तो केवळ आवडीनिवडीचा नाही. या गोल दिव्यांत साधारणपणे दोन तारांचा बल्ब असतो. लो-बीमच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून फक्त वर जाणारा उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटतो आणि तिथून खाली, रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून केलेली ही किती सुरेख योजना! म्हणजे लो-बीम जन्मतो दिव्याच्या वरच्या अर्ध्यात, आणि ही जाळी झाकते तोच अर्धा. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं उतरतं, तेव्हा हाय-बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. भिस्त सगळी लो-बीमवरच असते. जो रागीट दिसण्यासाठी तो उजेड कापतो, तो आपल्या गाडीतल्या माणसांना अंधारात नेतो.

तिसरी गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि उरलेले महिने खारा वारा. चकचकीत क्रोम म्हणून आपण जे बघतो, त्यातला क्रोमियमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खालचा निकेलचा थर खरं रक्षण करतो. त्याला एक सूक्ष्म छिद्र पडलं की मिठाचं पाणी आत शिरून लोखंड आतून पोखरतं, आणि रत्नागिरीच्या मिऱ्या-भाट्ये किनाऱ्यावर वावरणाऱ्या गाडीच्या क्रोमवर तपकिरी ठिपके उमटतात. अ‍ॅल्युमिनियमची जाळी लोखंडी स्क्रूने बसवली, तर खाऱ्या ओलाव्यात त्या दोन धातूंची मिळून एक छोटी विद्युत बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. मधे रबराचे किंवा नायलॉनचे वॉशर घातले की हे बरंच आटोक्यात येतं. स्टेनलेस घ्यायचं तर दुकानात 304 आणि 316 हे दोन आकडे ऐकू येतील. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि तेवढ्या चिमटीमुळे ते समुद्राकाठी कितीतरी जास्त तग धरतं. पैसे जास्त पडतात, पण किनाऱ्यावर ते वसूल होतात.

मला विचाराल तर मी सागवानी पट्ट्यांची जाळी करेन. ट्रकच्या बॉडीला लाकूड आपण वर्षानुवर्षं वापरत आलो आहोत, सागाला अंगचंच तेल असतं, रेडिएटरच्या पाण्याची ऐंशी-नव्वद अंशांची ऊब तो सहज सोसतो, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजायला त्यात काही नाही. पट्ट्यांच्या पुढच्या कडा गोल घासायच्या, त्याने हवा सुरळीत आत जाते आणि कुणाला धक्का लागलाच तर धार लागत नाही. आडव्या सहा पट्ट्या, मधे सढळ अंतर, दिवे पूर्ण उघडे. जुन्या सीजे-3बीच्या लांबट तोंडाला हे शोभेल असं माझं ठाम मत आहे.

करण्याआधी आरटीओत एकदा विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बंधन कडकपणे लावलं. 2017 च्या अखेरीस केंद्राने पुढच्या लोखंडी बुलबारबद्दल राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं, त्यामुळे जाळीच्या नावाखाली तसला सांगाडा बसवू नका.

आणि काढलेली जुनी जाळी भंगारात देऊ नका. पुसून, तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. नव्या जाळीसाठी पत्र्याला नवी भोकंही पाडू नका. जुन्याच बोल्टांच्या जागा वापरा, म्हणजे तुमच्यानंतर ती गाडी ज्याच्या हाती येईल, त्याला हवं तर सात फटींचा चेहरा तासाभरात परत बसवता येईल.