बासष्ट ते एकाहत्तर : लष्कर काय शिकलं?

पराभवातून सैन्य शिकतं, असं आपण सहज बोलून जातो. पण शिकतं म्हणजे नेमकं काय बदलतं? भारतीय लष्कराची १९६२ ते १९७१ ही नऊ वर्षं पाहू.

बासष्टच्या युद्धानंतर हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली. तो अहवाल सरकारने आजतागायत खुला केलेला नाही. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत त्याचं सार तेवढं मांडलं: प्रशिक्षण डोंगरी मुलखाला धरून नव्हतं, साहित्य अपुरं होतं, नेतृत्वात उणिवा होत्या.

मग डोंगरी डिव्हिजन्स उभ्या राहिल्या. हलक्या तोफा, कमी गाड्या, सोबत खेचरं. हे तसं सोपं शिक्षण, मंडळी. पैसे मंजूर झाले की होतं. अवघड आहे ते तिन्ही दलांनी एकत्र विचार करणं. बासष्टमध्ये आपण हवाई दल हल्ल्यासाठी वापरलंच नाही. पासष्टमध्ये छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले, त्याच दिवशी, १ सप्टेंबरला, चव्हाणांनी विमानांना परवानगी दिली. ही मोठी सुधारणा. तरीही भूदल आणि हवाई दल बरंचसं आपापलं युद्ध लढले, नौदल तर जवळपास बाजूलाच राहिलं.

एकाहत्तरला चित्र बदललं. माणेकशॉंनी तयारीला वेळ मागून घेतला. पाऊस संपू दिला. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात, म्हणजे चीनची धास्ती कमी! त्यामुळे चीनसाठी उभारलेल्या डोंगरी डिव्हिजन्स थेट बंगालच्या नद्यांमध्ये उतरवता आल्या. आता खेचरांपेक्षा पुलांचं सामान महत्त्वाचं. मेघना ओलांडायची वेळ आली, तेव्हा सगतसिंगांनी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून सैनिक पलीकडे नेले. तिकडे नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला.

मात्र हा समन्वय बराचसा माणसांच्या जमण्यावर चालला होता. त्याची कायमची व्यवस्था झाली नाही. कारगिलनंतर, २००१ मध्ये, मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख नेमण्याची शिफारस केली. त्या पदावर पहिली व्यक्ती, जनरल बिपिन रावत, रुजू झाली ती १ जानेवारी २०२० रोजी.