ताठ मान, सैल खांदे

बाबासाहेबांनी आम्हाला ताठ मानेने जगायला शिकविले. परंतु मान ताठ असणे वेगळे आणि मान आखडलेली असणे वेगळे, हा साधा फरक कळायला आम्हाला वयाची चाळिशी ओलांडावी लागली. तो आम्हाला कोणत्या ग्रंथाने नव्हे, तर परभणीच्या एका डिसेंबर महिन्याने शिकविला.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. १६ तारखेला, त्याच्या अंत्ययात्रेत सामील झालेले आंबेडकरी चळवळीचे ज्येष्ठ नेते विजय वाकोडे हृदयविकाराच्या झटक्याने गेले. सोमनाथच्या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवावा, हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. तो लढा कायद्याच्या मैदानात शेवटपर्यंत लढलाच पाहिजे. आज मात्र आम्हाला लिहायचे आहे ते ज्या शरीरांनी हा लढा लढायचा, त्या शरीरांविषयी.

त्या दिवसांत आम्ही सकाळी कोर्टात, दुपारी वस्तीत आणि रात्री फोनवर असायचो. कोणाचा मुलगा घरी आलेला नाही, कोणाच्या जामिनाला जामीनदार नाही, कोणाची आई जेवत नाही. एका रात्री उशिरा घरी येऊन ताटावर बसलो. घास काही गिळता येईना. आमच्या सौभाग्यवती बराच वेळ पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, खांदे खाली घ्या ना. कानाला टेकलेत. पोलीस काही घरात नाही आले." आम्ही पाहिले तर खरेच! खांदे वर चढलेले, दातांवर दात घट्ट बसलेले, डाव्या हाताची मूठ मांडीवर आवळलेली. किती दिवसांपासून? आम्हाला ठाऊक नव्हते. साक्षीदाराच्या चेहऱ्यावरची रेघ वाचणाऱ्या वकिलाला स्वतःची मूठ दिसली नव्हती.

यामागचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. धोका दिसला की मूत्रपिंडावरील ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. अंगावर बैल धावून आला तर ती उपयोगी पडते. पण जिथे धोका महिनोन्महिने संपत नाही, तारखेवर तारीख पडते, दारावरच्या प्रत्येक थापेने काळजात धस्स होते, तिथे आवळलेला स्नायू सुटतच नाही. मग मान धरते, डोके दुखते, झोप उडते, पोट बिघडते. कार्यकर्ता म्हणतो, दगदग झाली. दगदग तर झालीच. पण दगदग संपल्यावरही शरीराला ती संपल्याचा निरोप पोहोचलेला नसतो.

आमच्या मोंढ्यातला हमाल या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणा आहे. पोते थप्पीवर टाकले की तो कंबर सरळ करतो, खांदे झटकतो, मोठा श्वास सोडतो आणि मगच दुसऱ्या पोत्याला पाठ देतो. कापूस वेचणारी आमची माय तासाच्या शेवटी पोहोचली की कमरेवर हात ठेवून क्षणभर मागे वाकते. आम्ही शिकली-सवरलेली मंडळी मात्र सकाळचे पोते रात्री झोपतानाही पाठीवरच घेऊन असतो आणि त्याला निष्ठा म्हणतो.

तथागतांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. सतिपट्ठान सुत्तात पहिले स्थान कायानुपश्यनेला आहे. आधी शरीराकडे पाहा, श्वास लांब आहे की आखूड ते जाणा, शरीराची खळबळ शांत होऊ द्या. सात बोध्यंगांमध्ये प्रश्रब्धी म्हणजे काया आणि चित्त यांची शांतता हे एक स्वतंत्र अंग मानले आहे. आणि सोण भिक्खूची कथा तर प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. सोणाने चंक्रमण करता करता पायांतून रक्त काढले, तरी चित्त मुक्त होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेचीच आठवण करून दिली. तार फार ताणली तर ती सुरात वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. तार योग्य लागली पाहिजे.

इथे आमच्यातलेच काही बांधव म्हणतील, "डोळे मिटून बसल्याने अन्याय थांबतो काय?" प्रश्न रास्त आहे. न्यायाच्या मागणीऐवजी कोणी आम्हाला श्वास मोजायला सांगत असेल, तर त्याला ठामपणे नकार दिला पाहिजे. आमच्या ताणाचे कारण आमच्या मनात नाही, ते समाजव्यवस्थेत आहे. पण कारण बाहेर असले तरी मार बसतो तो आमच्या मानेवर, आमच्या हृदयावर. खांदे सैल सोडणे म्हणजे लढा सोडणे नव्हे. उलट, आवळलेल्या मुठीने लेखणीही नीट धरता येत नाही, हे आम्ही अर्ज लिहिताना अनुभवले आहे.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. राज्यघटनेच्या कामाच्या काळात मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी ते बेजार होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आम्ही त्यांच्या त्यागाचे गोडवे गातो, पण आणखी दहा वर्षे ते आम्हाला लाभले असते तर, हा हिशेब करीत नाही. झिजणे हा आदर्श म्हणून मिरवायचा नसतो.

तेव्हा करायचे काय? पैसा लागत नाही, गंडा-दोरा लागत नाही. सतरंजीवर पडा किंवा खुर्चीत टेकून बसा. दोन मिनिटे येणारा-जाणारा श्वास पाहा. बाहेर जाणारा श्वास थोडा लांबू द्या. मग लक्ष डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू फिरवा. कपाळाला आठी आहे काय? दात आवळलेत काय? जीभ टाळूला चिकटली आहे काय? खांदे, मुठी, पोट, मांड्या, पायाची बोटे. जिथे गाठ सापडेल तिथे भांडू नका. नुसते पाहा आणि श्वास सोडताना ती जागा सैल सोडा. सापडत नसेल तर शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली युक्ती करा. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा. पाच-सात सेकंद मूठ आवळा, सोडा, आणि वीस-तीस सेकंद फरक पाहा. ताण म्हणजे काय हे स्नायूला असे दाखवले की सैलपणही त्याला कळते. दुखऱ्या जागेवर मात्र जोर देऊ नये आणि श्वास कोंडू नये.

दोन इशारे देणे कर्तव्य आहे. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, कोठडी पाहिली, त्यांना डोळे मिटताच तेच प्रसंग दिसू शकतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून, सोबतीला माणूस घेऊन बसावे. जड वाटले तर उठावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नये. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. दुसरा इशारा: छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम आणि घाम, हा नुसता ताण समजून सतरंजी अंथरू नका. तडक दवाखाना गाठा. सभा थांबेल, मोर्चा थांबेल. हृदय थांबले तर पुढचे काहीच उरत नाही.

आमच्या बुद्ध विहारांतून वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्यात दर रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटांची ही कायानुपश्यना आणि महिन्यातून एकदा रक्तदाब, साखर तपासणी जोडायला काय हरकत आहे? सुरुवात महिला मंडळापासून करा. मोर्च्यातून परतल्यावर चूल पेटवायची असते ती त्यांनाच, आणि त्यांच्या खांद्यांकडे अजून कोणी पाहिलेले नाही.

आम्ही आता उलटतपासणीला उभे राहण्यापूर्वी एक श्वास सोडून खांदे खाली घेतो. मान तेवढीच ताठ राहते. आवाज मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट निघतो.

जयभीम!