दोनशे ग्रॅमचा स्लेड

सकाळी सात. वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात रिलीज फिल्म तयार होते. स्टिकरच्या किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या मागची, वापरताना सोलून टाकून देतात ती फिल्म. आधाराला ३६ किंवा ५० मायक्रॉनचं पॉलिएस्टर आणि त्यावर सिलिकोनचा थर, तोही चौरस मीटरला ग्रॅमभरसुद्धा भरत नाही. शेवटी कचऱ्यात जाणारी ही वस्तू आहे, पण ती नीट सुटली नाही तर वरचा माल वाया जातो, आणि नीट गुंडाळली गेली नाही तर ग्राहकाच्या मशीनपर्यंत पोचतच नाही.

रात्रपाळीचा केमिस्ट रजिस्टर पुढे करतो. पहाटे वीज गेली होती, लाइन काही वेळ बंद होती, नंतर सुरळीत चालली. कोटिंगचं वजन बरोबर आलंय, फिल्म दिसायला स्वच्छ आहे. तेवढ्यात स्लिटरवरचे मामा लॅबच्या दारात येऊन उभे राहतात.

"मॅडम, तीन नंबरचा जंबो रोल बघा जरा. रोल कोअरवरून बाहेर सरकतोय. ताण वाढवून बघितला, तरी बसत नाही."

याला आम्ही टेलिस्कोप होणं म्हणतो. गुंडाळीतले थर एकमेकांवरून बाजूला घसरतात आणि रोलचा सपाट चेहरा मधूनच पुढे येतो. असा रोल क्रेनने उचलला की आतला भाग निसटतो. मामांचं म्हणणं मी रजिस्टरात वेळेसकट लिहून घेते. रोज शेकडो किलो फिल्म ज्यांच्या तळहाताखालून जाते त्यांना फरक लवकर कळतो, आणि लॅबने त्याची नोंद घ्यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

पावणेआठ. नमुना. रोलची वरची काही वेटोळी काढून टाकायची, कारण त्यांना धूळ आणि हात लागलेले असतात. सुती हातमोजे घालायचे. फिल्म कोणत्या दिशेने धावत होती त्याचा बाण आणि कोटिंगची बाजू कोणती, हे कापायच्या आधीच मार्करने लिहायचं. नव्या ट्रेनी मुलीला मी पहिल्या आठवड्यात फक्त हेच शिकवलं. बोटाचा तेलकट ठसा पट्टीवर उमटला की यंत्र ठशाचं घर्षण मोजतं, फिल्मचं नाही.

मग नमुने २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत. प्रमाणित चाचणीआधी ते तिथे चाळीस तास ठेवावे लागतात. चालू लाइनच्या तपासणीसाठी आम्ही तासभर ठेवतो आणि आकड्यासमोर तसं स्पष्ट लिहितो. बाहेर श्रावणातली दमट हवा आहे. हिवाळ्यात उलटी तऱ्हा असते, कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज साठते, थर एकमेकांना ओढून धरतात आणि घर्षण फसवं वाढलेलं दिसतं.

साडेनऊ. चाचणी दिसायला अगदी साधी आहे. सपाट टेबलावर सिलिकोनची बाजू वर करून एक पट्टी ताणून बसवायची. २०० ग्रॅमच्या चौकोनी धातूच्या ठोकळ्याला, म्हणजे स्लेडला, त्याच फिल्मची दुसरी पट्टी गुंडाळायची, मागची बाजू बाहेर ठेवून. गुंडाळीत सिलिकोनवर पुढच्या वेटोळ्याची मागची बाजूच बसते, म्हणून जोडीही तीच हवी. स्लेड अलगद ठेवायचा, न दाबता, न सरकवता, आणि दर वेळी सारखाच वेळ थांबायचं. जास्त थांबलं तर प्लास्टिक प्लास्टिकला जास्त धरतं आणि सुरुवातीचा आकडा चढतो. मग यंत्र मिनिटाला १५० मिलिमीटर या वेगाने ओढू लागतं.

पडद्यावर रेघ आधी उभी चढते. स्लेड हलायच्या क्षणी टोक येतं, ते स्थितिक घर्षण. पुढे रेघ खाली उतरून आडवी चालते, तिची सरासरी म्हणजे गतिक घर्षण. ओढायला लागलेलं बल भागिले स्लेडचं वजन, एवढाच हिशोब. आमॉन्तोंने १६९९ मध्ये मांडलं की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. मऊ प्लास्टिक हा नियम काटेकोर पाळत नाही, म्हणून तर स्लेडचं वजन आणि आकार चाचणीच्या मानकात बांधून दिलेले आहेत.

या ग्रेडचा गतिक आकडा आमच्याकडे नेहमी ०.४ च्या आसपास असतो. आज पाच पट्ट्यांची सरासरी ०.२४ आली. म्हणजे २०० ग्रॅमचा ठोकळा ओढायला ४८ ग्रॅमचं बल पुरलं.

ट्रेनी विचारते, "मॅडम, घसरतंय म्हणजे चांगलंच ना? रिलीज फिल्म आहे."

इथेच थांबायला हवं. नीट क्युअर झालेलं सिलिकोन म्हणजे रबर. डिंक त्यावरून सहज सुटतो, पण ते स्वतः निसरडं नसतं, किंचित धरूनच ठेवतं. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत तर तेच सिलिकोन तेल बनून राहतं, आणि तेल वंगणाचं काम करतं. मी पट्टी घेऊन कोटिंगवर अंगठा दाबून ओढते. उजेडात तिरपी धरल्यावर अंगठ्यामागे धुरकट पट्टा दिसतो. पक्क्या कोटिंगवर असा फराटा उठत नाही. मग तिलाही करायला लावते. ही खूण एकदा स्वतःच्या अंगठ्याने पाहिली की कायमची लक्षात राहते.

सव्वाअकरा. कोटिंग लाइनच्या ओव्हनचा तापमानाचा आलेख काढला. वीज परत आल्यावर लाइन सुरू झाली, पण शेवटचा झोन ठरलेल्या तापमानाला पोचायच्या आधीच वेग वाढवला गेला होता. प्लॅटिनमचं उत्प्रेरक उष्णता मिळाल्याशिवाय वेगाने काम करत नाही. कोटिंगचं वजन बरोबर येणारच होतं, सिलिकोन पुरेसं पडलंच होतं. फक्त शिजलं नव्हतं.

जेवण साडेबाराला. कँटीनमध्ये प्रॉडक्शनच्या साहेबांना कल्पना दिली.

दोन वाजता एका ग्राहकाच्या खरेदी विभागाचा फोन. नव्या ऑर्डरसाठी फिल्म 'आणखी गुळगुळीत' हवी, म्हणजे लेबल हलकं सुटेल. ही मागणी वारंवार येते, आणि दर वेळी मी सविस्तर उत्तर देते. सोलायचं बल वेगळं मोजतात, घर्षण वेगळं, आणि एक कमी केलं म्हणून दुसरं कमी होत नाही. पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत केला तर गुंडाळीत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि ती जिथून निघून जाते तिथे एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे थर एकमेकांना धरून बसतात. म्हणूनच पॉलिएस्टरमध्ये सिलिकासारखे बारीक कण मुद्दाम घालतात. सिरॅमिक कपॅसिटरसाठीच्या फिल्मवर मायक्रॉनहूनही पातळ थर ओततात, तिथे एक उंचवटासुद्धा चालत नाही, तरीही मागची बाजू थोडी खडबडीत ठेवावी लागते.

सुटण्यात घसरण्याचा भाग अजिबात नाही असंही नाही. १९९५ साली न्यूबी, चौधरी आणि ब्राउन यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की फ्लोरोकार्बनची पृष्ठऊर्जा सिलिकोनहून कमी असूनही डिंक सिलिकोनवरून जास्त सहज सुटतो, कारण सोलण्याच्या टोकाशी डिंक सिलिकोनवर किंचित सरकू शकतो. फार सुंदर काम आहे ते. पण ते सरकणं डिंक आणि सिलिकोनमधलं. आमचा स्लेड फिल्मवर फिल्म ओढतो. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून पाठवायचं कबूल केलं.

तीन. एक्स-रे यंत्रावर सिलिकोनचं वजन मोजून नमुना एमआयबीके द्रावकात बुडवला होता. वाळवून पुन्हा मोजला. जे धुऊन गेलं ते क्युअर न झालेलं. पाच टक्क्यांच्या आत हवं होतं, अकरा निघालं. प्रमाणित टेप लावलेल्या पट्ट्या वजनाखाली ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या आहेत. त्यांचा निकाल वीस तासांनी, म्हणजे उद्या. घर्षणाने तेच सकाळी दहालाच सांगितलं होतं. ही चाचणी प्रत्येक जंबोला व्हावी असा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

साडेतीनला पाळी बदलताना प्रॉडक्शनचे साहेब विचारतात, "दोन दिवस ठेवला तर क्युअर होईल ना?" थोडं होईल. पण जे तेल समोरच्या वेटोळ्याच्या पाठीवर उतरलं ते परत जात नाही. ग्राहकाकडे तेल डिंकावर उतरलं की डिंकाची पकड जाईल. जंबोवर लाल कार्ड लावलं. दोन आणि चार नंबरचे नमुने दुसऱ्या पाळीच्या केमिस्टकडे दिले, आणि वीज गेल्यावर शेवटचा झोन तापेपर्यंत लाइनचा वेग वाढवायचा नाही, ही सूचना लाइनच्या रजिस्टरात लिहून त्यावर साहेबांची सही घेतली.