ई-मेलची पेटी आणि घरातली झोप

झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवणावर वासना नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतो. चहा किती होतो, तंबाखू आहे काय, थायरॉईड तपासले काय, घरात काही ताण आहे काय. गेल्या काही वर्षांत मी या प्रश्नांत एकाची भर घातली आहे : मोबाईलवर किंवा संगणकावर कोणाचे धमकीचे अथवा पैशाचे पत्र आले आहे काय? बहुतेक जण हा प्रश्न हसण्यावारी नेतात. काही जण मात्र आधी दार लोटलेले आहे याची खात्री करून घेतात आणि मग बोलू लागतात.

असेच एक साठी ओलांडलेले गृहस्थ. एका गोळीवर वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला त्यांचा रक्तदाब अचानक १७० च्या घरात गेला. ईसीजी, साखर, क्रिएटिनिन सारे ठीक होते. गोळीची मात्रा वाढवली, तरी फरक पडेना. तिसऱ्या खेपेस पत्नीला बाहेर बसवून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. इंग्रजीतला तो ई-मेल सांगत होता की, तुमच्या संगणकावर आमचा ताबा आहे, कॅमेऱ्यातून तुमचे नको ते चित्रण केले आहे, ४८ तासांत बिटकॉइनच्या रूपाने पैसे पाठवा. अन्यथा ते तुमच्या सर्व परिचितांकडे जाईल. गृहस्थांच्या संगणकाला कॅमेराच नव्हता. तरीही ते तीन आठवडे झोपले नव्हते, कारण मेलच्या पहिल्याच ओळीत त्यांचा एक जुना, खराखुरा पासवर्ड लिहिलेला होता.

या पासवर्डचे रहस्य साधे आहे. आपण कधीकाळी एखाद्या खरेदीच्या, नोकरीच्या वा लग्न जुळवण्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवतो. पुढे त्या संकेतस्थळाची माहिती चोरीला जाते, आणि लाखो ई-मेल पत्ते व पासवर्ड यांच्या याद्या चोरांच्या बाजारात विकल्या जातात. पाठवणारा ती यादी घेऊन एकच मजकूर सर्वांना रवाना करतो, आणि प्रत्येकाच्या पत्रात त्याचा पासवर्ड यंत्रच भरते. कोणी कोणाला पाहिलेले नसते, कोणाकडे कसलेही चित्रण नसते. अशा पत्राला उत्तर देऊ नये, पैसे तर मुळीच पाठवू नयेत. तो पासवर्ड अजून कोठे वापरात असल्यास बदलावा आणि मेल स्पॅम म्हणून नोंदवावा. काम संपले.

त्या गृहस्थांचे काम मात्र एवढ्याने संपणारे नव्हते, कारण त्यांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. मुलगा संगणकाच्याच क्षेत्रात. त्याने दोन मिनिटांत सारे उलगडले असते. पण ‘तो काय समजेल’ हा विचार आड आला. अपराध काही नसताना मनात घर करणारी ही लाज मला त्या मेलपेक्षा अधिक घातक वाटते. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तर ती जिवावर बेतू शकते. शिवाय तेथे पुष्कळदा ओळख वाढवून खरी छायाचित्रे मिळवलेली असतात आणि धमकी पोकळ नसते. अशा वेळी मुलाला रागावण्याची घाई करू नये. त्याचा मोबाईल हिसकावून मजकूर पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा असतो. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, तर मन खचले असल्यास टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हे दोन्ही क्रमांक घरातील औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवण्यासारखे आहेत.

भीती घालणे किती स्वस्त झाले आहे, हे आपल्या विदर्भाने जवळून पाहिले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभर विमानांत बॉम्ब ठेवल्याच्या खोट्या धमक्यांचे सत्र चालू असताना, धमकीचे ई-मेल पाठवल्याच्या संशयावरून नागपूर पोलिसांनी गोंदिया जिल्ह्यातील एका इसमाचा माग काढला. पोस्टकार्डालाही काही पैसे पडत. ई-मेलला एकाऐवजी लाख पत्ते जोडले तरी खर्च तितकाच. अनाहूत ई-मेलची सुरुवातही याच हिशेबातून झाली. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क या विक्री अधिकाऱ्याने जवळजवळ ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. लोक संतापले, पण पायंडा पडला. ‘स्पॅम’ हे मूळचे डबाबंद मांसाचे नाव. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळाच्या १९७० च्या एका प्रहसनात तो शब्द इतक्या वेळा ओरडला जातो की, बाकी काही ऐकूच येत नाही. त्यावरून नको असलेल्या पत्रांना ते नाव चिकटले.

आता माझ्या व्यवसायाशी थेट संबंध असलेला स्पॅम. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘इन्सुलिन कायमचे बंद’, ‘पोट पंधरा दिवसांत सपाट’. अशा मेलमधून मागवलेल्या पुड्यांत काय असते, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक. काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते, म्हणून सांधे चार दिवस हलके वाटतात आणि साखर आभाळाला भिडते. वाचकांनी एक कायदा लक्षात ठेवावा : औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना मनाई करणारा १९५४ चा अधिनियम. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब, लठ्ठपणा अशा अनेक विकारांवरील उपचाराची जाहिरात सर्वसामान्य जनतेपुढे करण्यास तो बंदी घालतो. म्हणजे मेल उघडताच शीर्षकात ‘मधुमेह बरा करू’ हे शब्द दिसले, तर औषधाचा गुण तपासण्याची गरजच उरत नाही. पाठवणारा कायदा मोडूनच आपल्या दारात उभा आहे.

नागपुरात निवृत्त मंडळींची संख्या मोठी. रेल्वे, कोळसा खाणी, वीज मंडळ, महालेखापालांचे कार्यालय यांतून सेवा करून आलेले हे लोक शिस्तीचे; सरकारी भाषेतील पत्र आले की ते गंभीरपणे घेतात. नेमका याचाच लाभ उठवला जातो. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, त्या सुमारास ‘दाखला अपूर्ण आहे, येथे क्लिक करा’ असे मेल येतात. जुलैत प्राप्तिकराचा परतावा थांबल्याचे. मुले पुण्यात, हैदराबादेत वा अमेरिकेत. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून आजोबा एकटेच ते वाचत असतात, आणि पत्रात ‘आजच’ हा शब्द असतो.

त्या ‘आजच’लाच लक्षण मानावे. पत्रातील दुव्यावर बोट न ठेवता बँकेचे किंवा खात्याचे संकेतस्थळ स्वतः टंकून उघडावे, अथवा पासबुकावरील क्रमांकावर फोन करावा. पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही घालू शकतो; त्यामागचा पूर्ण पत्ता पाहावा. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळाचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. बँकांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. ही खूण घरातील ज्येष्ठांना आवर्जून दाखवावी. आणि पैसे गेलेच, तर हृदयविकाराच्या झटक्यात आम्ही जी घाई करतो तीच येथेही करावी. पहिल्या तासाभरात १९३० वर कळवले, तर रक्कम पुढच्या खात्यात थोपवण्याची शक्यता असते; दुसऱ्या दिवशी ती बहुधा हातची गेलेली असते.

खोटी पत्रे आत येतात, तशी खरी बाहेरही राहतात. ‘रिपोर्ट अजून आला नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला मी प्रथम स्पॅमचा कप्पा उघडावयास लावतो. पुष्कळदा तो तेथेच असतो. जीमेलमध्ये त्या कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात. बायोप्सीचा अहवाल तेथे महिनाभर पडून राहिला, तर काय होईल याची कल्पना करावी. प्रयोगशाळेचा पत्ता आपल्या संपर्कयादीत जतन केला आणि सापडलेल्या पत्रावर ‘हे स्पॅम नाही’ अशी नोंद केली की पुढची पत्रे बहुधा योग्य जागी पडतात.

दुसरे कारण जागा संपल्याचे. जीमेलची १५ जीबीची फुकट जागा ई-मेल, गूगलवरील छायाचित्रे आणि ड्राइव्हमधील कागदपत्रे या सर्वांना मिळून असते. नातवाचे वाढदिवसाचे व्हिडिओ तेथे साठत गेले की एके दिवशी पेटी भरते आणि नवी पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जातात. आपल्याला मात्र वाटते की कोणी लिहीतच नाही. वर्षातून दोनदा मोठ्या फायली काढून टाकाव्यात. दिवाळीच्या साफसफाईत हे एक काम वाढवले तरी पुरे. पत्ता सांगतानाही एकेक अक्षर लिहून द्यावे. एकाचा रक्ततपासणीचा अहवाल दुसऱ्याच्या पेटीत जाणे हा गोपनीयतेचा भंग तर आहेच, शिवाय त्यामुळे उपचार अडतो.

नको असलेल्या जाहिराती कमी करण्याचे उपाय थोडके आहेत. ज्या दुकानाशी आपला खरोखर व्यवहार झाला, त्याच्या पत्रातील ‘अनसबस्क्राइब’ वापरावे. मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांनी ही सोय एका क्लिकवर द्यावी, असे गूगल आणि याहू यांनी २०२४ पासून बंधनकारक केले आहे. अनोळखी पत्रातील तेच बटण मात्र दाबू नये. त्याने पत्ता जिवंत असल्याची पोच मिळते, म्हणून तेथे ‘स्पॅम’ हीच नोंद करावी. खरेदी व सवलतींसाठी वेगळा पत्ता ठेवावा. बँक, निवृत्तिवेतन आणि दवाखाना यांचा पत्ता लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर कधीही लिहू नये.

मेल किती वेळा पाहावा, यावर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील कुशलेव्ह आणि डन या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२४ प्रौढांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहावयास सांगितले, आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात ताण कमी आढळला. माझ्या अनेक नोकरदार रुग्णांना हे जमत नाही, कारण साहेबाला रात्री दहा वाजताही उत्तर हवे असते. त्यांना मी एवढेच सांगतो की, मेलची घंटी बंद करा आणि मोबाईल उशाशी ठेवू नका. गजरासाठी घड्याळ मिळते.

ज्येष्ठांविषयी एक गोष्ट मुलांना सांगावयाची आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी ९३५ वृद्धांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०१९ मध्ये एक निष्कर्ष मांडला. फसवणुकीबाबतची सावधगिरी ज्यांच्यात कमी होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण अधिक आढळले. फसलेला प्रत्येक वृद्ध आजारी असतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. या भामट्यांनी चांगले शिकलेसवरलेले तरुणही गंडवले आहेत. परंतु आयुष्यभर पैशाचा चोख हिशेब ठेवणारे वडील वर्षभरात दोनतीनदा अशा पत्रांना बळी पडले, तर त्यांच्यावर चिडण्याऐवजी त्यांना तपासणीसाठी आणावे. ब-१२ ची कमतरता, थायरॉईडची मंदता, नैराश्य, कमी ऐकू येणे, यांपैकी बरेच काही उपचाराने सुधारते.

आणि घरी आल्यावर त्यांचा मोबाईल ‘काढून’ घेऊ नये. मोठ्या रकमेच्या व्यवहाराआधी एकदा मुलीला किंवा मुलाला फोन करावयाचा, हे दोघांनी मिळून ठरवावे. दोन टप्प्यांची पडताळणी त्यांच्यासमोर बसून, त्यांना समजावत चालू करावी. खात्यात कोणी शिरल्याची शंका असल्यास केवळ पासवर्ड बदलून थांबू नये. सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ ही दोन ठिकाणे उघडावीत. चोर पुष्कळदा तेथे आपला पत्ता घालून ठेवतो, आणि पासवर्ड बदलल्यावरही घरातील प्रत्येक पत्राची प्रत त्याच्याकडे जात राहते. मग पुनर्प्राप्तीसाठी नोंदवलेला मोबाईल क्रमांक अजून आपलाच आहे ना, हे पाहावे. या कामाला पाऊण तास लागतो. रविवारी सकाळी चहानंतर बसावे आणि वडिलांनाच मोबाईल हाती धरू द्यावा.