पत्त्याची न बदलणारी शेपटी
संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा मॅक पत्ता मिळतो. आयपीव्ही६ पत्त्यातला यंत्र ओळखणारा भाग मात्र सहसा ६४ बिटांचा. उरलेले १६ बिट आणायचे कुठून? जुनी युक्ती अशी : मॅक पत्ता मधोमध कापायचा, फटीत ‘एफएफ-एफई’ बसवायचं आणि पहिल्या बाइटमधला सातवा बिट उलटा करायचा. ००-१ए-२बी-३सी-४डी-५ई चं होतं ०२१ए:२बीएफएफ:एफई३सी:४डी५ई. हिशेब चोख, परिणाम वाईट! घर, कचेरी, विमानतळ, कुठेही जा, शेपटी तीच. माग काढणाऱ्याला आणखी काय हवं? (पहिल्या तीन बाइटांवरून उत्पादकही कळतो, ते वेगळंच.) बदलत्या ओळखींचा तोडगा २००१ मध्येच आला, पण स्थिर पत्त्यांसाठीही मॅकची ही जुनी युक्ती टाळा, असं आरएफसी ८०६४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने सांगितलं ते २०१७ मध्ये. तुमच्या पत्त्याच्या उत्तरार्धात ‘एफएफ:एफई’ दिसलं, तर सेटिंग्ज जरूर तपासा.